पाटी क्रमांक सदतीस

अनगोळ, बेळगाव
६ जानेवारी २०२५

मल्लकुलभूषण भरमू यांस श्रीपादाचा, दोन्ही कान बंद ठेवून, नमस्कार.

तुझ्या धाकट्या भावानं, गुंडूनं, परवा मला चार वेळा फोन केला. मी चारही वेळा उचलला आणि 'हो, हो' म्हणालो. गेल्या वर्षीच्या तापानं माझे कान नेल्यापासून मी फोनवर सगळ्यांनाच हो म्हणतो; त्यामुळे नातेवाइकांत माझी लोकप्रियता फार वाढली आहे. नंतर तुझ्या वहिनीनं, सरोजिनीनं, समजावलं की त्या हो-हो करण्यात मी एक चित्रपट लिहायला घेतला आहे. तेव्हा तुझ्याशी तरी पत्रानंच बोलायचं ठरवलं. निपाणीच्या शाळेत शेजारी बसून तू माझी संस्कृतची उत्तरं उतरवायचास. माझं अक्षर तुला लागतं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

तर तुझ्या आज्जांचा, मारुतीराव पैलवानांचा, मूकपट मी पाहिला. तालमीच्या माळ्यावरच्या डब्यातली रिळं पुण्याला गेली आणि एक्केचाळीस मिनिटांचा ऐवज होऊन पेनड्राइव्हवर परत आली. मधल्या मजकुराच्या पाट्या कुजून गेल्यात, म्हणून त्या नव्यानं मी लिहायच्या. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मैदानात आधी हा चित्रपट, मग पुतळ्याचं अनावरण. मुका चित्रपट आणि बहिरा लेखक: पुतळा समितीला गुणांची पारख आहे.

चित्रपटाचं नाव 'रणमल्ल मारुती'. नायक स्वतः मारुतीराव. चरित्र मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी. ते तंबाखूच्या रानातल्या खोपीत जन्मले असं तूच मला सांगितलं होतंस. इथं ते राजपुत्र आहेत आणि पाळण्यातून त्यांना गरुड पळवून नेतो. गरुड कोंबडीच्या पिसांचा आहे. पोटाकडची शिवण दिसते. पुढं ते एक्केचाळीस मिनिटांत एकोणीस माणसं मारतात. मी मोजली. एकाला विहिरीत ढकलून, दोघांची डोकी एकमेकांवर आपटून, एकाला बैलगाडीच्या चाकाखाली घालून. एकाच्या छातीवर उडी घेतात तेव्हा त्याच्या तोंडातून काळं काहीतरी उसळतं. पानाची पिंक असावी. सन १९३०. देशभर अहिंसेची चळवळ चालू होती, ती वार्ता कोल्हापूरकडच्या या चित्रपट कंपनीपर्यंत पोचली नसावी. कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली म्हणतात.

शेवटची कुस्ती कालकेतू नावाच्या दुष्टाशी. त्या नटाचं नाव कुठं नाही, पण माणूस मुरलेला. आज्जा त्याला पालथा घालून मानेवर गुडघा रोवतात, आणि तो उजव्या हातानं माती थोपटतो. तीनदा. या जागी मी माझी सर्वोत्तम पाटी लिहिली आहे. ऐक, म्हणजे वाच:

पाटी क्र. ३७: 'पराभूत कालकेतू धरणीमातेस साक्ष ठेवून त्रिवार शपथ घेतो: हे रणमल्ला, पुढल्या जन्मीही मी तुझा वैरीच!'

कशी आहे? दाद उलट टपालानं यावी. बाकीच्या छत्तीस पाट्या सोबत जोडल्या आहेत. व्याकरण तपासायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझा,
श्रीपाद


निपाणी
११ जानेवारी

शास्त्री, रामराम.

पत्र पोचलं. मोबाइलवर लिवायचं म्हटलं तर माझ्या एका बोटात तीन अक्षरं येतात, म्हणून मी बी कागदच घेतलाय. कोंबडीच्या पिसांचा गरुड वाचून आमची मंगल लई हसली. मी बी हसलो.

सदतिसावी पाटी वाचली अन् हसू गेलं.

ती शपथ न्हवं रं. तू जन्मात मातीत उतरला न्हाईस, तुला कसं ठावं असणार? आमच्या तालमीत पोरगं आलं की पयल्यांदा डाव शिकवत न्हाय, थाप शिकवतो. मान अडकली, हात पिरगाळला, दम कोंडला, की तीनदा माती थोपटायची. तोंड मातीत असतंय, बोलाय येत न्हाय, म्हणून हातानं सांगायचं: सोड. तिसऱ्या थापंला सोडायचं. कुस्ती कितीबी रंगात असू दे. न्हाय सोडलं तर त्या पोराला पुन्ना तालमीचं दार न्हाय. ही रीत दुसऱ्या तालमीत असंलच असं न्हाय. आमच्यात ती आज्जानं घातली.

मी आठ वरसांचा असताना एका पैलवानानं चौथ्या थापंपत्तोर जोडीदाराचा गळा आवळून धरलाता. आज्जा बाहत्तरीचा. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडंला पाठ टेकून बसलाता. उठला, कोपऱ्यातला करेल, ह्यो जड लाकडी मुदगल, उचलला अन् त्या पैलवानाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात हाय. पैलवान वरडत हुता अन् आज्जा भिंतीकडं तोंड करून ओकत हुता. आमाला वाटलं, म्हातारपणी राग सोसला न्हाय.

मी ती फिल्म बघितली न्हाय. गुंडूनं पयली दहा मिन्टं दावली, पुढं त्येनं बी बघितल्याली न्हाय. त्यो कालकेतू माती थोपटतोय, तर माझा आज्जा त्येला सोडतोय का? नीट बघ. जे दिसतंय तेवढंच लिव. श्लोक नको.

भरमू


अनगोळ
१७ जानेवारी

प्रिय भरमू,

जे दिसतं तेवढंच लिहितो.

कालकेतू पालथा. डावा गाल मातीत, उजवा कान वर. त्या कानाची पाळी खाली फाटलेली आहे. आज्जांचा गुडघा त्याच्या मानेवर. उजवा हात अंगाखालून सुटून बाहेर येतो आणि तळवा उघडा ठेवून माती थोपटतो. एक. दोन. तीन. प्रत्येक थापेला थोडी धूळ उडते आणि बसते. आज्जा त्या हाताकडे बघतात. त्यांना तो दिसतो, भरमू, यात शंकेला जागा नाही. गुडघा उचलला जातो. गुडघा आणि मान यांच्यामधून मागचा उजेड दिसतो, एक बोट जाईल एवढा.

मग आज्जा डावीकडे बघतात, चौकटीबाहेर. तिथं कोण आहे ते दिसत नाही, पण मातीवर एक सावली आहे, हाताची. ती सावली गोल गोल फिरते. रहाट ओढणाऱ्याला खुणेनं 'चालू दे' सांगावं, तशी.

गुडघा खाली येतो. आता आज्जा हनुवटीला हात घालून डोकं मागं ओढतात. चौथी थाप. पाचवी. सहावीला तळवा उघडा नाही, बोटं मातीत रुतून रेघा ओढतात. मी एकूण नऊ मोजल्या. नववी थाप म्हणता येणार नाही, हात नुसता पडतो. मान जिथवर वळायला हवी त्याच्या पुढं वळलेली आहे. पाय झाडतात; डावा आधी थांबतो, उजवा नंतर.

पुढच्या दृश्यात मारुतीराव त्याच्या छातीवर पाय देऊन उभे, गळ्यात हार, दोन्ही हात वर. कालकेतू उताणा, डोळे उघडे. एक माशी त्याच्या डाव्या डोळ्यावर बसते आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत बुबुळावरून चालत जाते. पापणी हलत नाही. मी सरोजिनीला बोलावलं. तिनं बघितलं आणि पदरानं पडदा पुसला. तिला वाटलं, माशी आमच्या घरातली आहे.

मी तुला एकोणीस मारले असं लिहिलं होतं. त्यातले अठरा नंतर उठून चहा प्यायले असतील.

संस्कृत नाटकात रंगमंचावर माणूस मारायचा नाही, असा जुना दंडक आहे. तीस वर्षं मी मुलांना तो शिकवला आणि दरवर्षी त्यावर एक विनोद केला: आपले पूर्वज फार हळवे, यांच्या नाटकात मरणसुद्धा पडद्याआड रांगेत उभं राहतं. तो विनोद यापुढं करणार नाही.

आणि माझ्या पाटीबद्दल काय बोलू? एक माणूस 'सोड' म्हणत होता आणि मी त्याच्या तोंडी वैराची शपथ घालत होतो.

तो कोण होता, भरमू?

श्रीपाद


निपाणी
२९ जानेवारी

शास्त्री,

फाटक्या पाळीवरनं सापडला. तालमीत एक फोटो हाय, हनुमानाच्या खाली, लहानपणापास्नं रोज उदबत्ती दावतो त्येला. आज्जा अन् शेजारी एकजण, दोघांचे हात एकमेकाच्या खांद्यावर. उजव्या कानाची पाळी फाटल्याली. पाठीमागं लिवलंय: 'मारुती व जोडीदार यल्लाप्पा, सदलगा.'

वैरी न्हवता रं. जोडीदार हुता. रोज त्येच्यासंगट खेळायचा.

रविवारी सदलग्याला गेलतो. यल्लाप्पाची नात हाय, जयाबाई, अडुसष्ट वरसांची. अंगणात शेंगा फोडत बसलीती. नाव सांगितलं तशी म्हणाली, "पैलवानाच्या घरातला दिसतोस, कान बघून कळतंय. आमच्या आज्जाचा पत्ता घिऊन आलास जणू?" हसतच म्हणाली. गावात पंच्याण्णव वरसं ह्यी मस्करी चाललीया. यल्लाप्पा फिल्म कंपनीबरोबर मुंबईला पळाला, तिथं नाचीण ठिवली, असं कंपनीच्या माणसानं यिऊन सांगितलं अन् गावानं मानलं. तिच्या बाला शाळेत 'पळपुट्याचं पोर' म्हणायचे. त्येनं एका पोराचा डोळा दगडानं फोडला, तवापास्नं शाळा बंद.

मी इच्यारलं, "आज्जीनं कधी शोध घेतला न्हाय?"

"यशोदाबाई तिचं नाव," म्हणाली. "ती कशाला शोध घिती? तिला ठावं हुतं नवरा हाय म्हणून. दर संक्रांतीला पहाटं उंबऱ्यावर गुळाची ढेप असायची. कोण ठिवून जायचं कुणी बघितलं न्हाय. आज्जी म्हणायची, मुंबईस्नं ह्येनी धाडली. ढेपंला हळदकुंकू लावायची अन् आख्ख्या गल्लीत वाटायची. 'आमचं मालक इसरलं न्हाईत.' पन्नास वरसं बाई! मग एक्क्याऐंशी सालच्या संक्रांतीला गूळ आला न्हाय. दुपारपत्तोर उंबऱ्यात बसली. मग उठली, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. म्हणाली, गेलं."

शास्त्री, माझा आज्जा ऐंशीच्या डिसेंबरात गेला.

त्या बाईनं माझ्या आज्जाच्या नावानं बांगड्या फोडल्या. ज्येनं तिचा नवरा मारला त्येच्या नावानं.

मी जयाबाईच्या पायापाशी बसून सगळं सांगितलं. हातातली शेंग तिनं फोडली न्हाय, धरूनच बसली. मी म्हटलं, आक्का, मला मार. म्हणाली, "तुला मारून काय करू? मला ते चित्र दाव. मला एकटीला न्हवं, आख्ख्या मैदानाला दाव. त्यो कुठं पळाला न्हवता, ते एकदा लोकांस्नी बघू दे. मग मी मरायला मोकळी."

मी हो म्हणून आलोय.

आन माती थोपटायची सवय कुणाची, ते बी तिच्याकडनं कळलं. तिच्या बाला आज्जीनं सांगितलंतं: यल्लाप्पा दमला की माती थोपटायचा अन् मारुती सोडायचा. दोघांचीच खूण हुती ती. तीच खूण आज्जानं पुढं आख्ख्या तालमीला शिकवली. त्येला सगळं ठावं हुतं.

गुंडूला सांगितलं. त्येनं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. "पुतळ्याचा चौथरा झाला, पावणं ठरलं, आन तू आज्जाला खुनी करायला निघालास? ह्ये त्या बहिऱ्या मास्तराचं डोस्कं हाय." त्येच्यासंगट समितीची दोन पोरं हैत, तिघं बी माजल्याली. ते तुझ्याकडं येतील. ती पेनड्राइव्ह घरात ठिवू नको.

भरमू


अनगोळ
४ फेब्रुवारी

प्रिय भरमू,

अक्षर वाकडं आहे, कारण हात डावा आहे. उजव्याची चार बोटं प्लास्टरमध्ये आहेत. अंगठा शाबूत ठेवलाय. द्रोणाचार्यांनी उलटं केलं होतं.

गुंडू आणि त्याची दोन पोरं शनिवारी आली. बहिरेपणाचा एक फायदा असा की दार फुटताना घाबरायला होत नाही. मी वाचत होतो, मान वर केली तर घरात माणसं. गुंडू बराच वेळ बोलला. त्याच्या ओठांवरून मला 'आज्जा' आणि 'मास्तर' एवढेच शब्द लागले, म्हणून मी सवयीनं 'हो, हो' म्हणालो. मी उद्धटपणा करतोय असं त्याला वाटलं असावं. त्यानं संगणक उचलून फरशीवर आपटला. मग माझा हात टेबलावर ठेवला, ज्या हातानं पाट्या लिहिल्या तो, आणि वर खलबत्त्यातला बत्ता घातला. एकेका बोटावर, शिस्तीत. तुमच्या घराण्याचं काम नीटनेटकं असतं हे मान्य करायला हवं. हाडाचा आवाज मला आला नाही, तो तुला माहीत आहे. मी फक्त गुंडूचा चेहरा बघत होतो. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो रडत होता, हे त्याला ठाऊक असेल का, कुणास ठाऊक.

सरोजिनीनं आधणाचं पातेलं एकाच्या पाठीवर ओतलं. तो गेला तो थेट अंगणाबाहेर. बाकीचे त्याच्या मागं.

पेनड्राइव्ह त्यांना सापडला नाही. तो मेतकुटाच्या डब्यात होता, मेतकुटाच्या आत. सीमाभागातला कुठलाही पैलवान मेतकुटात हात घालणार नाही, हा माझा अंदाज खरा ठरला.

आता ऐक. तू गुंडूला काही करायचं नाही. हे मी थट्टेनं लिहीत नाही. माझी बोटं जुळतील, डॉक्टर म्हणतात. तू हात लावू नकोस त्याला.

श्रीपाद


निपाणी
११ फेब्रुवारी

शास्त्री,

तुझं पत्र मला सहा तारखेला सांजच्याला मिळालं. गुंडूची माझी गाठ सकाळीच पडलीती.

त्यो तालमीत आला अन् पोरांस्नी तुझी बोटं कशी वाजली ते सांगाय लागला. मी हात उचलला न्हाय. एवढंच म्हटलं, "मातीत उतर." त्यो हसला. "अण्णा, तुझं वय झालंय." लंगोट कसला अन् उतरला. धाकटा माझा. मीच त्येला पयली थाप शिकवली हुती.

पयल्यांदा त्येनंच मला घेतलं. नाकावर डोस्कं घातलं, रगताची धार मातीत. मी त्येच्या मांडीत हात घालून आपटला. उठला, परत आपटला. तिसऱ्यांदा आपटला तवा त्येचा खांदा निखळलेला मला हाताला कळला, तरी मी त्येला पालथा घातला. अन् मानंवर गुडघा दिला.

त्येनं थोपटलं. एक, दोन, तीन.

शास्त्री, मला ऐकू आलं. तुझ्यागत माझे कान गेले न्हाईत. दिसत बी हुतं. अन् मी सोडलं न्हाय.

तू लिवलंतास, आज्जानं डावीकडं बघितलं, कोण तरी हात फिरवत हुतं. इथं कोण न्हवतं रं. कॅमेरा न्हवता, कंपनीवाला न्हवता. नुसती मान हुती हाताखाली, अन् मला बरं वाटत हुतं. खरं सांगतो तुला, लई बरं वाटत हुतं. तुझ्या बोटांसाठी करतोय असं मी मनाला सांगत हुतो, पण त्या टायमाला मला तुझं नाव बी आठवत न्हवतं.

चार पोरांनी मला ओढलं. मी सुटेना तवा एकानं माझा कान चावला. पोरं म्हणतात, सात थापा झाल्या.

गुंडू बेळगावच्या दवाखान्यात हाय. मानंचं मणकं. आपरेशन झालं. पाय हालत न्हाईत, उजवा हात थोडा हालतोय. नळी हाय गळ्यात, बोलत न्हाय. पोलीस आलते, त्येनं हातानंच 'कुस्ती, कुस्ती' अशी खूण केली, तसं लिवून गेले. मला वाचवलं त्येनं.

म्या तालमीची किल्ली पोरांकडं दिली. रीत मोडणाऱ्याला दार न्हाय, मला बी न्हाय.

पुतळा समितीतले बाकीचे आलते. कार्यक्रम रद्द करू म्हणाले. मी म्हटलं, फिल्म दाखवायची, जयाबाईला पयल्या रांगंत बसवायचं, न्हाईतर मी चावडीत उभा राहून सगळं सांगतो, माझं बी. खाली मान घालून हो म्हणाले.

मी येणार न्हाय. गुंडूजवळ बसणार. तू जा. अन् सदतिसावी पाटी कोरी ठेव. तिथं कुणी काय बी बोलायचं न्हाय.

भरमू


अनगोळ
२८ फेब्रुवारी

प्रिय भरमू,

तुझ्या दवाखान्यापासून माझं घर दोन मैलांवर आहे, तरी हे पत्रानंच सांगतो. समोर बसून मला सांगता येणार नाही.

काल दुपारीच मैदानावर पोचलो. हौद्याच्या एका अंगाला पडदा, समोर चौथऱ्यावर भगव्या कापडात गुंडाळलेला पुतळा. पाच-सहा हजार माणूस. पुढं तुझ्या तालमीची पोरं मांडी घालून, त्यांच्या मागं खुर्चीवर जयाबाई. मी तिच्या शेजारी. तिनं माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मी 'हो' म्हणालो. तिनं तळहातावर चार शेंगदाणे ठेवले.

दिवेलागण झाली. चित्रपट सुरू होणार तेवढ्यात ती उठली आणि पुतळ्याकडे बोट दाखवून बोलू लागली. समितीच्या एकानं मला कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणत होती: "झाकून कशाला ठिवलाय त्येला? उघडा तोंड. बघू दे की त्येला बी." तुझ्या पोरांतलाच एकजण गेला आणि त्यानं कापड ओढलं. हार नाही, नारळ नाही. तुझे आज्जा पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

गरुडाला लोक हसले. विहिरीला शिट्ट्या मारल्या असाव्यात, बोटं तोंडात दिसली. माझ्या पाट्यांना दाद मिळत होती, आणि मला ती नको होती. मग कालकेतू आला. जयाबाईनं माझं मनगट धरलं. तिनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा हलताना बघितलं.

गुडघा. हात बाहेर आला. एक. दोन. तीन. आणि माझी पाटी: काळी, कोरी, आठ सेकंद.

त्या आठ सेकंदांत काय झालं ते मला आधी पायांना कळलं. जमीन थरथरली. बघतो तर तुझी पोरं उभी राहिलेली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. तुम्ही त्यांच्यात घातलेली सवय त्यांना उठवून गेली. प्रत्येकाचं तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, आणि सगळ्यांच्या ओठांवर एकच आकार. ओठ वाचण्यात मी अजून कच्चा आहे, पण हा शब्द तू मला शिकवलास. सोड. सोड. पाटी सरली, पडद्यावर गुडघा बोटभर उचलला गेला, तशी मागची माणसं उठली, मग त्यांच्या मागची. गुडघा उजेडाला झाकत खाली आला आणि सहा हजार माणसं एका मेलेल्या पैलवानाला ओरडून सांगत होती, सोड. तो ऐकेना. शेजारी त्याचा पुतळा, तोंडावर पडद्याचा उजेड हलतोय, तोही ऐकेना. पूर्ण मैदानात ऐकू न येणारे आम्ही तिघेच होतो.

नववी थाप झाली. माशी चालत गेली. मग कुणाचंच तोंड हलत नव्हतं.

जयाबाई हौद्यात उतरली. वाकून मूठभर माती घेतली, पदराच्या टोकाला बांधली. माझ्यापाशी येऊन सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाली, "आज्जाचं दहावं ऱ्हायलंय. दूधगंगेवर करायचं. तुमी मंत्र म्हणाल का?" यावेळी मी कळून 'हो' म्हणालो. मला माझा आवाज ऐकू येणार नाही, पण पाठ आहे.

रविवारी आहे. येशील का?

श्रीपाद


बेळगाव, दवाखाना
१ मार्च

शास्त्री,

येतो. आक्कानं येऊ दिलं तर पिंडाला हात मीच लावीन.

तुझं पत्र गुंडूला मोठ्यानं वाचून दावलं. पयल्यापास्नं, तुझ्या बोटांचं सुदिक. त्येनं डोळं मिटलंतं. माझा हात त्येच्या हातावर हुता. 'सोड, सोड' आलं तिथं त्येनं खालनं माझा हात थोपटला. हळू. एक, दोन, तीन.

मी सोडला.

येवढासा बी येळ लागत न्हाय रं, श्रीपाद. येवढासा बी न्हाय.

भरमू